बाईंचं बोट

चौलात पियानो शिकवणाऱ्या बाई आहेत असं बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. मग नाव विचारतो. मधुवंती, म्हटलं की पुन्हा हसतो. रागाचं नाव घेतलेली बाई पंचेचाळीस वर्षं विलायती पेटी बडवते, यात हसण्यासारखं आहेच. बाई स्वतःही हसायच्या. "भाऊंनी नाव ठेवलं तेव्हा घरात तंबोरा होता, पियानो मागाहून आला," एवढंच म्हणायच्या. भाऊ म्हणजे त्यांचे वडील, अलिबागला शाळेत मास्तर. किहीमला कुणाचा बंगला रिकामा होत होता, तिथून त्यांनी तो उभा पियानो नारळाच्या ट्रकमधून आणला आणि मुलीला सुट्टीसुट्टीत मुंबईला मावशीकडे ठेवून एका पारशी बाईंकडे शिकवलं. भाऊ गेल्यावर मधुवंतीबाईंनी लग्न केलं नाही, वाडी सांभाळली, आणि अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या मुलांना पियानो शिकवला. त्यातली एक मी. पेटी मला कधी धड आली नाही. पुढे मी रेवदंड्याच्या शाळेत क्लार्क झाले, लग्न होऊन बाईंच्या कुंपणालगतच्या घरात आले, आणि माझी मुलगी अमिषा मात्र खरी वाजवणारी निघाली.

मी हे लिहितेय ते बाईंचं कौतुक करायला नाही. कौतुक करणारे पुष्कळ आहेत. आम्ही सगळ्यांनी मिळून बाईंचं काय केलं ते लिहायचं आहे, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे.

बाईंचा सगळा जीव एका गोष्टीवर होता, सोनाट्याच्या बांधणीवर. सोनाटा ही विलायती संगीतातली मोठी रचना. तिचा पहिला भाग कसा उभा राहतो ते बाई आम्हाला आमच्याच भाषेत सांगायच्या. सुरुवातीला एक सा असतो, ते घर. पहिली सुरावट घरात वाजते. मग संगीत घर सोडतं, शेजारच्या वाडीत जातं, तिथला सा वेगळा. दुसरी सुरावट तिथे भेटते. मधल्या भागात मोडतोड, भटकंती, एकही सा पायाखाली राहत नाही. आणि मग एका विशिष्ट ठिकाणी घर परत येतं. पहिली सुरावट पुन्हा घरात, आणि पाहुणी म्हणून भेटलेली दुसरी सुरावटही या वेळी घरच्याच सा मध्ये.

ते घर परत यायची जागा ओळखणं, ही बाईंच्या वर्गाची रीत. मूल पियानोवर बसायचं. बाई पडवीतल्या झोपाळ्यावर, पियानोकडे पाठ, तोंड वाडीकडे. घर आलं की उजव्या हाताचं एक बोट वर जायचं. पुढेही नाही, मागेही नाही, नेमकं त्या मात्रेवर. आम्ही त्याला बाईंचं बोट म्हणायचो. एखादं पोर मुद्दाम फसवायला खोटं घर वाजवायचं, म्हणजे सुरावट तीच पण सा दुसरा. बोट हलायचं नाही. एकदा मी असं केलं तेव्हा बाई वाडीकडे बघतच म्हणाल्या, "गौरी, शेजाऱ्याचं कुलूप उघडतेस काय गो?"

या बांधणीवर बाईंच्या तीन वह्या होत्या. पहिली निळ्या कव्हराची, वयाच्या अठराव्या वर्षीची. तिच्यात पाठ्यपुस्तकातला जुना नेम उतरवलेला होता. तीन खोल्या: मांडणी, विस्तार, पुनरागमन. आणि दोन सुरावटी, पहिली पुरुषी, जोरकस. दुसरी बायकी, मवाळ. दुसरीने शेवटी पहिलीच्या घरी यायचं. त्या वाक्यासमोर समासात बाईंच्या कोवळ्या अक्षरात लिहिलेलं होतं: कोणी ठरवलं?

दुसरी वही त्यांनी पस्तिशीत लिहिली. मुंबईच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळत, तिथून काय काय उचलून आणत. त्यात त्यांना कळलं की ज्यांनी हे सोनाटे रचले त्यांच्या हयातीत असा तीन खोल्यांचा नकाशा कुणी काढलाच नव्हता. त्या काळचे लोक म्हणत, रचना दोन भागांची, एकदा बाहेर जायचं आणि एकदा परत यायचं, आणि मध्ये स्वल्पविराम-पूर्णविरामासारखे मुक्काम. तो नकाशा काढला मागाहून आलेल्या मास्तरांनी, पोरांना शिकवायला सोपं पडावं म्हणून, तोवर मोठे मोठे रचणारे मरून गेले होते. मग विसाव्या शतकात विद्वान पुन्हा जुन्या कागदांकडे वळले आणि म्हणाले, सुरावटी किती आणि कशा याला महत्त्व नाही, गोष्ट सगळी सा ची आहे. बाई खूश झाल्या. पुरुषी-बायकीचं भूत उतरलं. वर्गात त्या शपथेवर सांगायच्या, "सुरावटी विसरलात तरी चालेल. घर ओळखा."

तिसरी वही यशोधनमुळे. यशोधन त्यांचा जुना विद्यार्थी, परदेशात संगीतशास्त्र शिकवतो. तो नवे लेख धाडायचा, बाई रेवदंड्याहून छापून आणायच्या आणि लाल पेनाने त्यांची चामडी सोलायच्या. नवे लोक म्हणत होते की पक्का नियम असा नाहीच. ऐकणाऱ्याच्या मनात अपेक्षा असतात, इथे अमुक यावं, तिथे तमुक. रचणारा त्या अपेक्षांशी बोलतो, कधी पुरवतो, कधी टाळतो. सगळा सोनाटा म्हणजे घरी पोचण्याचं एक वचन, आणि काही सोनाट्यांत ते पाळलं जात नाही. यशोधनने लिहिलं होतं, "बाई, घर येत नाही आणि ते आलेलं नाही हे ऐकणाऱ्याला कळतं, तिथेच खरं संगीत असतं." बाईंनी त्याला मोठं भांडणाचं उत्तर लिहिलं. घरी न पोचणारा सोनाटा ही त्यांना वाह्यात कल्पना वाटे. तरी वही लिहीत राहिल्या.

निसर्ग वादळात बाईंच्या वाडीतल्या दीडशेवर पोफळी पडल्या, तेव्हा त्या रडल्या नाहीत. पियानोवर ताडपत्री टाकून रात्रभर शेजारी बसल्या होत्या. त्यानंतर चार वर्षं सगळं ठीक होतं. मागल्या भाद्रपदात एका संध्याकाळी अमिषा वाजवत होती, मी दारात बसले होते, आणि घर आलं. बोट आलं नाही. दोन मात्रा गेल्या, मग आलं.

अमिषाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली. पुढच्या आठवड्यात चार मात्रा उशीर झाला, त्याच्या पुढल्या आठवड्यात पूर्ण ओळ. बाईंना बोलणं नीट ऐकू येत होतं, वाडीत काम करणाऱ्या विठोबाची लांबची हाकसुद्धा. बिघडला होता तो सूर. वरचे सूर त्यांना उतरलेले ऐकू येत, वर जावं तसे जास्त. हे मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की बाईंचा कान, ज्याच्यावर त्यांनी उभं आयुष्य काढलं, तो चाललाय. आणि मला भीती वाटली. खरं सांगायचं तर बाईंसाठी कमी आणि हे त्यांना कोण सांगणार याची जास्त.

घरी येऊन मी अमिषाला म्हटलं, "घर आलं की पियानोच्या पायाखालच्या पेडलवर जरा टाच आपट. जमिनीतून कळेल त्यांना."

"आई, ही फसवणूक आहे."

"ही सांभाळणूक आहे," मी म्हणाले. किती पटकन सुचलं मला ते.

टाच कामाला आली. बोट पुन्हा वेळेवर वर जाऊ लागलं. बाकीच्या दोन मुलांनाही अमिषाने शिकवलं. आता वर्गात सगळे टाच आपटत होते आणि बाई झोपाळ्यावर बरोबर ठरत होत्या. आम्हाला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. बाईंना वाटू लागलं की पियानो उतरतोय. खाऱ्या हवेत तो उतरतोच, म्हणून वर्षातून दोनदा बोर्ली पंचतनहून जलीलभाई येत. बापजाद्यांचा होड्यांचा धंदा सोडून ते तरुणपणी आखातात गेले, तिथल्या हॉटेलांत पियानो लावायला शिकले. आता मोटरसायकलवर हत्यारांची पेटी बांधून दिघीच्या जेट्टीवरून येतात. डिसेंबरात आले. दोन तास काम केलं, सगळे सूर जागेवर बसवले. बाई बसल्या, वाजवलं आणि म्हणाल्या, "जलील, उतरलेला ठेवलायस."

जलीलभाईंनी ट्यूनिंग फोर्क काढला. हा पोलादी चिमटा ठोकला की एकच सूर देतो, दुसरा देऊच शकत नाही. तो त्यांनी गुडघ्यावर ठोकून बाईंच्या कानाशी धरला.

बाईंनी ऐकलं. मान हलवली. "हाही उतरलाय. गंजला असेल."

जलीलभाई माझ्याकडे बघत राहिले. निघताना अंगणात मोटरसायकलजवळ थांबून हळू म्हणाले, "ताई, लाकूड उतरतं, तार उतरते. पोलाद उतरत न्हाय. बाईंना कुणीतरी सांगायला पायजे. मी परका माणूस, मी कसा बोलू?"

"मी बोलते," मी म्हणाले आणि बोलले नाही.

त्यानंतर बाईंनी जलीलभाईंना लावायला बोलावणं बंद केलं. भाऊंच्या वेळची एक चावी होती, पियानोच्या खुंट्या पिळायची. दर रविवारी सकाळी बाई वरचं झाकण उघडून, तोंड आत घालून एकेक तार वर खेचत. अमिषा टॉर्च धरायची. पियानो मुळीच उतरलेला नव्हता. बाई त्याला दर आठवड्याला आणखी वर ओढत होत्या, त्यांच्या कानाला पटेपर्यंत, आणि त्यांच्या कानाला ते कधीच पटणार नव्हतं. जानेवारीत तीन तारा तुटल्या. एक बाईंच्या गालाला चाटून गेली. तुटलेल्या तारांची वेटोळी त्या शेवयांच्या डब्यात जपून ठेवत.

रात्री अमिषा म्हणाली, "पियानो आता ओरडतो." मी म्हटलं, "परीक्षेपर्यंत दम धर." असली उत्तरं देण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

शिमग्याच्या आधीच्या शनिवारी जलीलभाई बाईंनी मागवलेली नवी तार द्यायला आले. बाई पोस्टात गेल्या होत्या, घराची किल्ली माझ्याकडे. जलीलभाई म्हणाले, आलोच आहे तर खालची फळी काढून बघतो. स्क्रू काढले, टॉर्च मारली आणि बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग मला हाक मारली.

आत बिडाची एक जाड चौकट असते, सगळ्या तारांचा ताण तीच पेलते. तिच्या एका पट्टीवर केसाएवढी रेघ होती. जलीलभाईंनी तिच्यावर नख फिरवलं. नख अडकलं.

"सोळा-सतरा टन ओढ असते हिच्यावर," ते म्हणाले. "बाईंनी ती अजून वाढवली. बीड वाकत न्हाय, ताई. तडकतं. आणि एकदा तडकलं की जोडता येत न्हाय."

"कधी झालं हे?"

"आजचं न्हाय. कडेला गंज धरलाय. दोन-तीन महिने तरी झाले."

म्हणजे आम्ही टाचा आपटत होतो तेव्हा.

त्यांनी रेघेजवळच्या काही तारा सैल केल्या. "आता वाजवलं तर चालेल, थोडं. पण उद्या रविवार. बाई तोंड आत घालून चावी फिरवणार. एक पीळ जास्त झाला आणि चौकट सुटली, तर खुदा खैर करे, डोळा जाईल न्हायतर चेहरा. तुमची पोरगी बाजूलाच टॉर्च घेऊन उभी असते." फोर्क माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "आज बोला. मी संध्याकाळपर्यंत रेवदंड्यात हाय, बोलावलंत तर येतो."

साडेचारला बाई आल्या. मी चहा केला. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा साखरेचं काहीतरी विचारलं. पाच वाजता अमिषा कॉलेजातून थेट आली, सॅक ठेवून पियानोशी बसली.

"बाई, आज राहू दे," मी म्हणाले.

"का?"

"मला काही बोलायचंय."

बाईंनी पियानोच्या खालच्या फळीकडे पाहिलं. पुसलेले स्क्रू चमकत होते. "जलीलने उघडलेला दिसतोय," त्या म्हणाल्या. "बोल तू, पण आधी एकदा वाजू दे." मग झोपाळ्यावर जाऊन बसल्या, पाठ आमच्याकडे, तोंड वाडीकडे. "अमिषा, पाय पेडलवरून उचल आणि मांडी घालून बस."

अमिषाने पाय उचलला नाही.

"पेडलशिवाय कसं वाजवू बाई?"

"कोरडं वाजेल. वाजू दे."

तिने मांडी घातली आणि सुरुवात केली. सैल केलेले सूर मधूनमधून लोंबत होते. प्रत्येक वेळी अमिषाचा खांदा आक्रसायचा. बाईंच्या पाठीत काही हललं नाही, त्यांना ते वेगळे लागतच नव्हते. पहिली सुरावट गेली. शेजारची वाडी आली, गेली. भटकंती सुरू झाली. माझ्या हातात तो फोर्क होता, घामाने ओला झालेला. मी आयुष्यात देवाजवळ फारसं काही मागितलेलं नाही. त्या वेळी मागितलं, की एकदा बरोबर येऊ दे, नंतर मी सगळं सांगते.

घर आलं. मलासुद्धा कळलं, आणि माझा कान म्हणजे काय हे बाईंना ठाऊक आहे. बाईंचा हात मांडीवर होता, बोट किंचित सुटं. ते उठलं नाही. पहिली सुरावट घरात वाजून संपली. दुसरी घरात आली. अमिषाच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं पण हात थांबले नाहीत, तिला तसं शिकवलेलंच आहे. शेवटचे दोन जोरकस सूर वाजले आणि वाडीतल्या पोफळींचा वारा ऐकू येऊ लागला.

"पुढे," बाई म्हणाल्या.

"संपलं, बाई."

बाईंनी मांडीवरच्या बोटाकडे पाहिलं. "घर आलं होतं?"

अमिषाने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी नजर फिरवली नाही, सांग म्हणून मान हलवली.

"आलं होतं," ती म्हणाली. "थोडं बेसूर आलं, पण आलं होतं. वीसेक ओळी मागे."

बाई उठल्या. कपाटातून तिसरी वही आणली, आणि चावी. दोन्ही माझ्या हातात दिल्या. यशोधनचं ते वाक्य बाईंनी वहीत उतरवलं होतं, घर आलेलं नाही हे ऐकणाऱ्याला कळतं, ते. त्याखाली लाल पेनाने लिहिलं होतं: ऐकणाऱ्याचाच कान गेला तर? खाली तारीख होती. भाद्रपदातली, ज्या संध्याकाळी बोट पहिल्यांदा उशिरा आलं तिच्या दुसऱ्या दिवसाची.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. मग तुमच्या टाचा सुरू झाल्या, आणि बोट पुन्हा बरोबर पडायला लागलं. मला वाटलं, कान ठीक आहे, पियानोच खराब झाला असेल." त्या माझ्याकडे बघत होत्या, आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "टाच ऐकू येत होती गौरी. पण मी ती ऐकायची नाही असं ठरवलं. तुम्ही एवढ्या मायेने आपटत होतात."

मग मी चौकटीचं सांगितलं. रेघ, गंज, रविवार, सगळं. बाईंनी गालावरच्या तारेच्या चऱ्याला हात लावला आणि अमिषाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हिला मी तिथे उभी करत होते," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

जलीलभाई दिवेलागणीआधी आले. एकेक तार करत सगळा पियानो दीड सुराने खाली उतरवला. एवढा सैल असला तर चौकट काही काळ तग धरेल, म्हणाले, पण किती काळ ते अल्लालाच ठाऊक. बाई झोपाळ्यावर पाठ करून बसल्या होत्या. त्यांना खाली उतरणारे सूर कसे ऐकू येत होते ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चावी माझ्या घरी होती. अमिषा पाच वाजता गेली, मी बरोबर गेले. बाईंनी तिला पेडलवर पाय ठेवायला सांगितलं. "घर आलं की टाच मार. चोरून नको, जोरात मार. अपेक्षा मला आहेतच, कुठे काय यायला हवं ते पाठ आहे. आलं की नाही तेवढं तू सांग." वर थोडं हसल्या. "यशोधनला कळवायला हवं. सोडणार नाही मला तो."

अमिषाने वाजवलं. पियानो खाली, घोगरा, जुन्या माणसासारखा बोलत होता. घर आलं तशी तिने टाच आपटली, फरशी हादरली, आणि बाईंचं बोट वर गेलं, नेमकं. त्याच वेळी पियानोच्या आत, खाली, काहीतरी बारीक कडकलं. अमिषाचे हात क्षणभर अडखळले आणि पुढे गेले. तिने माझ्याकडे पाहिलं. बाईंचं बोट अजून वर होतं.

"बाई," मी म्हणाले, "आत चौकट बोलली."

बोट खाली आलं. बाई वाडीकडेच बघत होत्या.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "अमिषा, ऊठ. झाकण लाव."